मधाच्या भुकटीचा पहिला डबा

१

हैदराबादला पाठवलेला डबा कुरियरवाल्याने परत आणून दिला, तेव्हा मच्छिंद्र कामठे मांजरीतल्या आपल्या कारखान्याच्या दारातच उभे होते. रिकामा डबा आठवणीने परत करणारी सज्जन गिऱ्हाइकं अजून शिल्लक आहेत, असं म्हणत त्यांनी तो हसतच घेतला. हातात आल्यावर डबा जड लागला, आणि झाकण काढल्यावर त्यांचं हसू कुठल्या कुठे गेलं.

आत मधाची भुकटी असायला हवी होती. पांढरीशुभ्र, हलकी, फुंकर मारली तर उडून जाईल अशी. त्याऐवजी आत पिवळट तपकिरी, खरखरीत, चमकणारी पूड होती. तळाशी तिचा दगड झाला होता. वास मधाचा नव्हताच, साखर करपल्याचा होता. गिऱ्हाइकाने सोबत कळवलं होतं, की हा माल गोठवून सुकवलेला नाही, चांगला तापवून काढलेला आहे, त्यातली एन्झाइम मेली आहेत, आणि यापुढे आपला व्यवहार बंद.

आता ही भुकटी काय प्रकरण आहे ते सांगायला हवं, नाहीतर एका डब्यासाठी एवढा गहजब कशाला, असं कुणालाही वाटेल. मध सुकवणं म्हणजे हट्टी मुलाला झोपवणं. सुकला सुकला म्हणेतो तो हवेतली ओल पिऊन पुन्हा चिकट होतो. म्हणून आधाराला त्यात काहीतरी मिसळावं लागतं. बहुतेक कारखानदार मक्याच्या स्टार्चपासून केलेली एक पांढरी पूड मिसळतात. कामठ्यांच्या ‘मधुरेणू’त पुढचं काम तीन तऱ्हांनी व्हायचं. उंच स्प्रे ड्रायरमध्ये गरम हवेत मधाचा फवारा सोडला की झटपट बारीक पीठ पडायचं. बिस्किटवाल्यांना ते चालायचं. ट्रे ड्रायरमध्ये थाळ्यांत पसरून गरम हवेवर वाळवलं की सोनेरी कुरकुरीत पापुद्रे मिळायचे, पण मधाचा सुगंध निम्मा उडून जायचा.

तिसरी तऱ्हा फ्रीज ड्रायरची. पाणी आणि आधाराची पूड घातलेला मध कडक गोठवायचा आणि पेटीतली हवा खेचून घ्यायची. मग आतला बर्फ न वितळताच वाफ होऊन निघून जातो आणि मधाला आच म्हणून लागत नाही. वेळ लागतो, वीज लागते, पण भुकटीला वास येतो तो पोळं आत्ताच उतरवल्यासारखा, आणि एन्झाइम जिवंत राहतात. हैदराबादच्या औषधवाल्यांना हीच भुकटी हवी होती, आणि तीत मक्याचा अंशही नको होता. म्हणून या पहिल्या लॉटला आधार दिला होता बाभळीच्या डिंकाचा. कारखान्यात डिंक घातलेला माल तेवढा एकच.

हा लॉट काढला होता सृष्टी भोयरने. सृष्टी वर्ध्याकडच्या पुलगावची. लोणी काळभोरला अन्न तंत्रज्ञान शिकली आणि थेट कामठ्यांकडे लागली. फ्रीज ड्रायरला तिच्याशिवाय कुणी हात लावत नसे. तेच आता तिच्यावर उलटलं.

मच्छिंद्र कामठे माणूस वाईट नव्हते, पण घाबरले की त्यांचा तोल जायचा. त्यांनी चुटकीसरशी निकाल लावला. भुकटी सृष्टीने काढली, डबा तिने भरला, झाकण तिने लावलं. वर ‘सर, अजिबात उघडू नका, ओल धरेल’ असं तिनेच बजावलं. का बजावलं? आत काय आहे ते दिसू नये म्हणून. ताडून बघायला मागे ठेवलेला नमुना कुठाय? नाहीच. म्हणजे खरी भुकटी गुपचूप बाहेर गेली आणि डब्यात ट्रे ड्रायरचा माल भरला गेला. सृष्टी काही बोलायला गेली तर तिला बोलूही दिलं नाही. तिच्यासमोरच त्यांनी पुलगावला तिच्या वडिलांना फोन लावला. मुलीने चोरी केली आहे, येऊन तिला घेऊन जा. उद्या संध्याकाळपर्यंत वाट बघतो, नाहीतर पोलिसांत तक्रार देतो.

ज्ञानदेव भोयर पोस्टात नोकरीला होते. फोन स्पीकरवर होता आणि सृष्टीचे प्राण कानात गोळा झाले होते. बाबा विचारतील, माझी पोरगी असं करेल का? एवढं तरी विचारतील.

त्यांनी काहीच विचारलं नाही. “निघालोच,” म्हणाले, आणि फोन ठेवून दिला.

चोरीच्या आळापेक्षा सृष्टीला तो एक शब्द जास्त लागला.

२

यमुनाबाई आगाशे सरकारी प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्या होत्या आणि सृष्टीच्या कॉलेजात भेसळ ओळखायला शिकवायच्या. वर्गात उशिरा येणाऱ्याला ‘या, आपल्याशिवाय आमचं अडलंच होतं’ असं म्हणायची त्यांची रीत होती, आणि तो पुन्हा उशिरा येत नसे. सृष्टीने रडत फोन केला, तेव्हा त्यांनी तिला आधी रडणं आटपून घ्यायला सांगितलं, मग पत्ता विचारला. दुसऱ्या दिवशी सकाळी कापडी पिशवी खांद्याला लावून त्या नारायण पेठेतून रिक्षाने मांजरीला हजर झाल्या.

मच्छिंद्र म्हणाले, मॅडम, हा आमचा आतला मामला आहे. आगाशेबाई म्हणाल्या, असू द्या, मी आत येऊनच बोलते. आणि त्या आत गेल्यासुद्धा.

डबा समोर आल्यावर बाईंनी आधी पुष्कळ वेळ वास घेतला. मग चिमूटभर पूड मच्छिंद्रांच्या तळहातावर ठेवली. “मला मधुमेह आहे. आपण चाखा, मी ऐकते.” मच्छिंद्रांनी नाइलाजाने तोंडात टाकली. काय लागतं, या प्रश्नावर ते म्हणाले की आधी चिक्कीसारखी कुडकुडते आणि मग दाताला चिकटून बसते. सृष्टीला त्या स्थितीतही वाटलं, की सरांना असं निमूटपणे कुणाचं ऐकताना आपण कधी पाहिलं नव्हतं.

मग बाईंनी डब्याचा प्रवास विचारून घेतला. शुक्रवारी दुपारी सृष्टीने भरलेला डबा मच्छिंद्रांनी संध्याकाळी स्वतः घरी नेला. कामठ्यांच्या घरात शेतातलं पहिलं धान्य देवापुढे ठेवल्याशिवाय कुणी तोंडात घालत नाही, आणि शेती जाऊन कारखाना आला तरी ही रीत सुटलेली नव्हती. शनिवारी घरी श्रावणातला सत्यनारायण होता. डबा आईकडे देऊन मच्छिंद्र मध खरेदीला महाबळेश्वरकडे गेले, पूजेला धाकटा भाऊ बसला. रविवारी रात्री ते परतले. सोमवारी त्यांनी देवघरातून डबा उचलला, झाकणावर सील चिकटवलं आणि कुरियरला दिला.

“म्हणजे डबा कुणी उघडला नाही,” बाई म्हणाल्या.

“छे हो. घरात होता, देवापुढे. तिजोरीत असल्यासारखाच. जे झालं ते इथेच, माझ्या हातात यायच्या आधी.”

मागे नमुना का ठेवला नाही, हे बाईंनी सृष्टीला विचारलं. आदल्या दिवशी जे बोलायचं राहून गेलं होतं ते तिने आता सांगितलं. तिने छोटी बाटली भरली होती. पण सर म्हणाले की देवाला दाखवायच्या आधी पहिल्या मालातून कणभरही काढायचा नाही, लॉट उष्टा होईल. म्हणून तिने ती पुन्हा डब्यात ओतली. बाईंनी मच्छिंद्रांकडे पाहिलं. ते मान खाली घालून हो म्हणाले.

“छान. म्हणजे नमुना नाही हा गुन्हा तिचा, आणि तो ठेवू न देण्याचं पुण्य आपलं.”

तेवढ्यात सृष्टीच्या मोबाइलवर बाबांचा निरोप आला. ‘मनमाड’, एवढंच. काळजी नाही, राग नाही, नुसतं स्टेशनचं नाव. तिने फोन उलटा करून टेबलावर ठेवला.

बाईंनी पुढचा प्रश्न विचारला, की गेल्या आठवड्यात ट्रे ड्रायर कुणी चालवला होता. मच्छिंद्र म्हणाले, कुणीच नाही, तो महिनाभर बंद आहे. दाराशी थाळ्या रचत असलेल्या रंगरावांच्या हातून त्याच वेळी सगळी चळत खाली पडली.

३

रंगराव कारखान्याचं स्टोअर आणि यंत्रांची डागडुजी बघायचे. मिशा भरघोस, आवाज त्याहून भरघोस. पण आगाशेबाईंनी त्यांना समोरच्या स्टुलावर बसवलं तेव्हा ते मिशा चाचपायला लागले. आपण ड्रायरला हात लावला नाही, असं त्यांनी सांगितलं आणि पुन्हा सांगितलं. बाई उठल्या, ट्रे ड्रायरपाशी गेल्या आणि आतल्या जाळीवरून बोट फिरवून त्याचा वास घेऊन आल्या.

“जिरं आहे,” त्या म्हणाल्या. “मधात जिरं घालायची पद्धत नवीन दिसते.”

रंगराव कोसळलेच. “खोटं न्हाई बोलत म्याडम. शुक्रवारी मीच चालवला हुता. पण मधाला शिवलो बी न्हाई. घरच्या कुरडया हाईत. पावसाळी हवेत सादळल्या, मंडळी मागंच लागली, की एवढं मोठं मशीन हाय तर जरा वाळवून आणा.” त्यांनी स्टोअरमधून कुरडयांची पिशवी आणून टेबलावर ठेवली. बाईंनी एक मोडून पाहिली, उत्तम झाल्याचं सांगितलं आणि पुढल्या वेळी मालकांना विचारून वाळवा म्हणाल्या. रंगरावांनी घाम पुसला. मच्छिंद्र काही बोलणार होते, पण बाईंनी त्यांना हातानेच थांबवलं. सृष्टीला मात्र क्षणभर वाटलेली आशा मावळली. रंगरावांनी लपवलं होतं ते खरंच एवढंसं होतं.

दुपारी उशिरा, निरोप मिळाल्यावर, आला पियुष. खराडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत तो नोकरी करायचा आणि ‘मधुरेणू’त त्याची भागीदारी होती. फ्रीज ड्रायर विकून दुसरा स्प्रे ड्रायर घ्यावा म्हणून तो वर्षभर मच्छिंद्रांच्या मागे लागला होता. कारखान्याची एक किल्ली त्याच्याकडेही होती. शुक्रवारी दुपारी तो कुठे होता, असं विचारल्यावर त्याने इथेच होतो म्हणून सांगितलं. मित्राला प्लांट दाखवायला आणलं होतं. सृष्टी डबा भरत होती तेव्हा ते दोघं पलीकडेच उभे होते.

“ऑनेस्टली सांगू का मॅडम? लॉट फेल झाला याचं मला फार वाईट नाही वाटलं. मी कधीपासून बोलतोय, आपल्याला हे फ्रीज ड्राइंग झेपणारं नाही.”

“मग तो फेल व्हावा म्हणून आपण काही हातभार लावलात का?”

पियुषचा चेहरा लाल झाला. त्याने मच्छिंद्रांकडे पाहिलं, सृष्टीकडे पाहिलं. मग म्हणाला की असला चीपनेस तो करत नाही, पण तुम्हाला प्रूव्ह करायचं असेल तर करा. त्याच्या आवाजात चीड होती, भीती नव्हती. सृष्टीला ते जाणवलं आणि तिला आणखीच असहाय वाटलं. सगळेच जर खरे बोलत असतील, तर उरत होती ती एकटीच.

बाई आपल्या पिशवीत हात घालून काहीतरी शोधत होत्या. “तीन ग्लास पाणी आणा,” त्या म्हणाल्या. “आतापर्यंत माणसांना विचारलं. आता त्या पुडीलाच विचारू.”

४

पिशवीतून निघाली आयोडीनची बाटली आणि एक ड्रॉपर. बाईंनी पहिल्या ग्लासात स्प्रे ड्रायरची भुकटी विरघळवली, दुसऱ्यात ट्रे ड्रायरची जुन्या साठ्यातली, आणि तिसऱ्यात परत आलेल्या डब्यातली. ती लवकर विरघळेना, म्हणून सृष्टी चमच्याने ढवळत राहिली. शेवटी बाईंनी चमचा स्वतःकडे घेतला.

पहिल्या ग्लासात आयोडीनचे थेंब पडले तसं पाणी लालसर जांभळं झालं. दुसऱ्यातही तोच रंग आला. तिसऱ्या ग्लासात थेंब पडले, पसरले, आणि नुसतेच फिकट पिवळे राहिले. बाईंनी आणखी थेंब टाकले, तरी जांभळ्याचं नाव नाही.

“कामठे, आपल्या सगळ्या मालात मक्याची पूड असते. एक लॉट सोडून. खरं ना?”

मच्छिंद्रांनी मान हलवली.

“मक्याच्या पुडीला आयोडीन लागलं की ती रंग दाखवते. डिंक दाखवत नाही. या डब्यात ट्रे ड्रायरचा माल असता तर हा ग्लासही जांभळा झाला असता. तो झाला नाही. म्हणजे डबा बदललेला नाही. ही आपलीच भुकटी आहे, सृष्टीने डिंक घालून केलेली. चोर कोण, असं आपण कालपासून विचारताय. चोरी झालेलीच नाही.”

सृष्टीला वाटलं, छातीवरचा दगड कुणीतरी उचलला. तिने श्वास घेतला, आणि तेवढ्यात पियुष बोलला. त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, तो नुसता विचार करत होता, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

“पण मग हे जास्तच वाईट नाही का? म्हणजे, लॉट मशीनमध्येच बिघडला, वितळला. हिने तो तापवून कसाबसा वाळवला आणि कुणाला कळू नये म्हणून डबा बंद करून दिला. उघडू नका म्हणाली. फिट बसतं सगळं.”

फिट बसत होतं, हे सृष्टीलाही दिसत होतं. ती नाही म्हणाली, लॉट पांढरा निघाला होता, मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. पण तिच्या डोळ्यांखेरीज साक्षीला कुणी नव्हतं. पलीकडे उभ्या असलेल्या पियुषला मशीन दिसत होतं, थाळीतली भुकटी दिसत नव्हती. मच्छिंद्रांचा चेहरा पुन्हा आवळत चालला. मोबाइल थरथरला. ‘दौंड’. दौंडनंतर पुणं काही लांब नाही.

आगाशेबाईंचं या बोलण्याकडे लक्षच नव्हतं. त्या तिसरा ग्लास उजेडात धरून बघत होत्या. मग त्यांनी पदराखालचा स्वच्छ रुमाल काढला आणि ते पाणी त्यातून गाळलं. रुमालावर काळे बारीक कण उरले. पियुष म्हणाला, करपलेली साखर असेल. बाई म्हणाल्या, इतपत करपलेली साखर पाण्यात विरघळते. त्यांनी एक कण नखावर घेतला आणि पिशवीतल्या भिंगाखाली धरला. त्याला शीर होती. तो पानाचा तुकडा होता.

त्यांनी तो बोटांत चुरडला, नाकाशी नेला आणि सृष्टीपुढे धरला. सृष्टीने वास घेतला. करपट वासाच्या खाली एक ओळखीचा वास होता.

“तुळस,” ती म्हणाली.

“कारखान्यात तुळस आहे का कुठे?”

नव्हती. अन्नाच्या कारखान्यात पान, फूल, माती काही येऊ द्यायचं नाही, हा सृष्टीनेच घातलेला दंडक होता. रंगरावांनाही गजरा घातलेल्या पाहुण्यांना दारातच थांबवावं लागे.

“मग चला,” बाई पिशवी उचलत म्हणाल्या. “कामठे, आपल्या घरी जाऊ. मला आपल्या आईंना भेटायचंय.”

मच्छिंद्र जागचे हलले नाहीत. माझ्या आईचा यात काय संबंध, असं त्यांनी विचारलं, आणि विचारतानाच त्यांचा आवाज खाली आला.

“एकच सांगा मला. आपल्याकडे नैवेद्य झाकण लावून दाखवतात का?”

५

कामठ्यांचं घर कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर होतं. नवीन, दुमजली, पुढे लिफ्टसाठी ठेवलेली रिकामी जागा आणि तिच्यात लावलेली मोटरसायकल. बायडाबाई कामठे ओट्यावर मटार सोलत बसल्या होत्या. डब्याचं संकट त्यांच्या कानावर घालून त्यांना घोर कशाला लावायचा, म्हणून मच्छिंद्रांनी घरी चकार शब्द काढलेला नव्हता. त्यामुळे लेक, भागीदार, रंगराव, सृष्टी आणि एक अनोळखी बाई अशी वरात बघून त्यांनी आधी चहा टाकायला सांगितला.

आगाशेबाई त्यांच्याशेजारी बसल्या आणि मटार सोलायला लागल्या. त्यांचा एरवीचा करकरीतपणा कुठे गेला ते सृष्टीला कळेना. पूजा कशी झाली, भटजी कोण होते, प्रसादाचा शिरा किती केला, असं त्या विचारत गेल्या. मग सहज म्हणाल्या की कारखान्यातली पहिली भुकटी देवाला दाखवलीत म्हणे.

दाखवली तर, बायडाबाई खुशीत म्हणाल्या. लेकाच्या हातचा पहिला माल. चौरंगापुढे डबा ठेवला, झाकण काढलं, वर तुळशीपत्र ठेवलं. पोथीचे पाचही अध्याय होईपर्यंत तो देवापुढेच होता. काय सांगू बाई, जाईच्या फुलासारखी पांढरी दिसत होती. भटजींना चमचाभर हातावर दिली, तर ते म्हणाले असा मध उभ्या जन्मात खाल्ला नाही.

सृष्टीने डोळे मिटून घेतले. पांढरी होती. तिच्याखेरीज आता आणखी कुणीतरी ते म्हणत होतं.

“मग?” आगाशेबाईंनी विचारलं.

“मंग काय, पूजा आटपून बघती तर सादळल्याली. पार गोळा झाला हुता. घरभर मानसं, पावसाळी हवा, पंचामृताचं पानी. आता सादळल्यालं कुणी तसंच पाठिवतं व्हय गिऱ्हाइकाला? लेकाचं नाव जाईल. रविवारी आमच्या नातीला, संस्कृतीला म्हनलं, तुझा केकाचा ओव्हन लाव. परातीत पसरली, वाळवली चांगली, मिक्सरला फिरवली. सोन्यावानी रंग आला. पुन्हा कशी कुरकुरीत झाली.”

सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर नीट पार पडलेल्या कामाचं समाधान होतं. पापड असो, चिवडा असो, रवा असो, सादळलं की गरम करायचं, हे तर कुठल्याही घरातलं नेहमीचं शहाणपण. मध तेवढा त्या शहाणपणाला जुमानत नाही, हे त्यांना कुणी सांगणार? त्यांनी पिवळ्या गोळ्यावर राहिलेलं तुळशीचं पान काढलं होतं म्हणे, पण चिकटलेलं अर्धं बहुतेक आत राहून गेलं असावं.

आगाशेबाईंनी उरलेल्यांसाठी ते सगळं एकदा नीट मांडून सांगितलं. पान काळं पडलं होतं आणि भुकटीबरोबर दळलं गेलं होतं. म्हणजे पान आधी पडलं, आच नंतर लागली. पान पडलं देवापुढे. त्याआधी कारखान्यात भुकटीला कुणीही तापवलेलं नव्हतं. आईंनी पाहिलेली पांढरी भुकटी हीच सृष्टीने काढलेली. ‘उघडू नका’ हा तिचा सांगावा तेवढा डब्याबरोबर घरी पोहोचला नाही.

“डबा कुणी उघडला नाही, असं आपण छातीठोकपणे सांगितलंत, कामठे. देवासाठी उघडलेलं आपण उघडण्यात धरलंच नाहीत.”

मच्छिंद्र पायरीवर मटकन बसले. काहीतरी बिनसलं आहे, हे आता बायडाबाईंनाही कळलं. माझं काही चुकलं का रं, असं त्या विचारू लागल्या. मच्छिंद्र नाही नाही म्हणत हसले, आणि हसता हसता त्यांनी हाताने तोंड झाकून घेतलं. कारखाना बुडायचा होता तो बुडाला नव्हता, पोरगी चोर निघायची होती ती निघाली नव्हती, आणि घरात चूक झाली होती ती प्रेमाने. सुटल्यासारखं वाटणं आणि लाज वाटणं या दोन्ही गोष्टी त्यांना एकाच वेळी होत होत्या. रंगरावांनी पुढे होऊन बायडाबाईंना सांगितलं की तसं काय बी न्हाई मावशी, मी बी कुरडया वाळवल्या. त्यावर पहिलं खळखळून हसणं पियुषचं होतं. मग तो सृष्टीपाशी आला आणि सॉरी म्हणाला. इंग्रजीतून लांबलचक काही म्हणणार होता, ते त्याने गिळलं.

आगाशेबाईंनी मच्छिंद्रांना तिथूनच हैदराबादला फोन करायला लावला आणि खरं तेच सांगायला लावलं. काही झाकू नका, म्हणाल्या, झाकण तेवढं डब्यालाच बरं. पलीकडच्या गृहस्थांनी सगळं पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाले की त्यांच्या आईनेही असंच केलं असतं. दुसरा लॉट पाठवा, नमुना मागे ठेवा, आणि देवाला दाखवायचा तो वेगळ्या वाटीत काढून दाखवा.

बायडाबाईंनी सृष्टीला जवळ बोलावलं, तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि तिला चहा पुरा प्यायला लावला. सृष्टीला दोन दिवसांत पहिल्यांदा चहाची चव लागली. पण कप रिकामा झाला आणि तिला बाबा आठवले. गाडी आता पुण्यात शिरत असेल. सगळ्या जगाने तिला निर्दोष म्हटलं, तरी त्या एका ‘निघालोच’चं काय करायचं, ते तिला कळत नव्हतं.

६

मच्छिंद्रांनी स्वतः गाडी काढली. वाटेत हडपसरला मुंगीच्या पावलाने सरकणाऱ्या रांगेत ते दोनदा काही बोलायला गेले आणि दोन्ही वेळा त्यांनी नुसताच घसा साफ केला. सृष्टी खिडकीबाहेर बघत बसली.

पुणे स्टेशनच्या बाहेर, रिक्षांच्या गर्दीत, ज्ञानदेव भोयर खांद्याला पिशवी लावून उभे होते. रात्रभर बसून आल्याने शर्ट चुरगळला होता. सृष्टी समोर आली तर त्यांनी तिला नीट निरखून पाहिलं आणि जेवलीस का म्हणून विचारलं. मग त्यांची नजर तिच्यामागे उभ्या असलेल्या माणसाकडे गेली.

मच्छिंद्रांनी हात जोडले. आजूबाजूला माणसं होती, पण त्यांनी आवाज खाली घेतला नाही. “मी मच्छिंद्र कामठे. कालचा फोन मीच केला होता. आपल्या मुलीने काही केलेलं नाही. चूक माझ्या घरात झाली, आणि मी तिला चोर म्हणालो. मला माफ करा. आपण तिला न्यायला आलात, पण तिने इथेच राहावं अशी माझी विनंती आहे.”

ज्ञानदेवांनी खांद्यावरची पिशवी सावरली.

“मी पोरीले न्याले नाई आलो,” ते म्हणाले. “मी तुमच्याशी भांडाले आलो. फोनवर भांडून काय फायदा होता? माणूस समोर पायजे. रातभर गाडीत काय काय बोलायचं ते ठरवत होतो.”

सृष्टीला आधी ते कळलंच नाही. मग कळलं, आणि तिला त्या भर गर्दीत रडू फुटलं. बाबांनी विचारलं नव्हतं, कारण त्यांना विचारायची गरजच पडली नव्हती. फोन ठेवताना त्यांचं मन एका क्षणासाठीही डळमळलं नव्हतं. कालपासून तिने जो शब्द काट्यासारखा बाळगला होता, तो तिच्या बाजूने लढायला निघालेल्या माणसाचा होता. तिने त्यांच्या बाहीत तोंड खुपसलं आणि ती मनसोक्त रडली, आणि रडता रडता हसली. तिच्या डोक्यावर थोपटत बाबा म्हणत राहिले, काऊन रडून राहिली बाप्पा, झालं न आता.

मच्छिंद्रांनी बाजूला होऊन डोळे पुसले. मग पुढे येऊन त्यांनी ज्ञानदेवांच्या खांद्यावरची पिशवी स्वतःकडे घेतली.

“भांडा की. हक्क आहे आपला,” ते म्हणाले. “मी ऐकून घेतो सगळं.”

“भांडीन न,” ज्ञानदेव म्हणाले. “पण आधी कुठं जेवाले मिळते ते सांगा. पोरगी कालपासून उपाशी दिसते.”

आईने मटाराची उसळ टाकली आहे, सगळ्यांना घेऊन या म्हणाली आहे, असं मच्छिंद्रांनी सांगितलं. मग ते तिघं गाडीत बसले आणि मांजरीकडे निघाले.